मेंदूची जोडणी आणि आईवरचा ठपका

(लोणावळा येथे पालक, शिक्षिका आणि अंगणवाडी सेविकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपला मावळ तालुका भातासाठी, लेण्यांसाठी आणि चिक्कीसाठी ओळखला जातो. गेल्या काही दशकांत तो गर्भसंस्कारासाठीही ओळखला जाऊ लागला. कार्ल्याला राहून काम केलेल्या बालाजी तांबे यांचं ‘आयुर्वेदीय गर्भसंस्कार’ हे पुस्तक महाराष्ट्रात कितीतरी घरांत पोहोचलं आहे. पोटातल्या बाळाला चांगलं ऐकवावं, आईनं शांत राहावं, वेळेवर खावं, झोपावं, याला कोण हरकत घेईल? मीही घेत नाही. बाळाला पोटात ऐकू येतं हे खरं आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच बाळ आईचा आवाज परक्या बाईच्या आवाजापासून वेगळा ओळखतं, हे १९८० साली प्रयोगानं दाखवलं गेलं आहे.

पण या चांगल्या गोष्टीला एक दुसरी बाजू आहे आणि ती मला तळेगावातल्या माझ्या दवाखान्यात दिसते. ‘आई नीट वागली तर मूल चांगलं होतं’ हे एकदा डोक्यात बसलं, की मूल वेगळं निघाल्यावर पहिली चौकशी आईची होते. ग्रहणात काय चिरलं होतंस? मगरिबच्या वेळी केस मोकळे सोडून बाहेर गेली होतीस का? कुणाच्या मयतीला गेली होतीस का? ग्रहणाचा प्रश्न हिंदू घरात आणि आपल्या घरात सारखाच विचारला जातो. त्या बाबतीत राष्ट्रीय एकात्मता मजबूत आहे.

कामशेतच्या बाजूची एक बाई माझ्याकडे आली. मुलगा साडेतीन वर्षांचा. नावानं हाक मारली तर वळत नाही, बोट दाखवत नाही, पंखा फिरताना तासन् तास बघतो. दोन वर्षांचा असतानाच तिला शंका आली होती. मधली दीड वर्षं तीन ठिकाणचे तावीज, एका ठिकाणी झाडफूक आणि ‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही चार वर्षांचा झाल्यावर बोलला’ यात गेली. सासरी तिला स्पष्ट सांगितलं होतं की दोष तुझ्या पोटाचा आहे, दुसरं मूल असंच झालं तर माहेरी पाठवू. ती मला मुलाबद्दल काहीच विचारत नव्हती. तिचा एकच प्रश्न होता: डॉक्टर, मेरे हाथ से क्या गलती हुई?

तिला जे उत्तर दिलं तेच आज सविस्तर सांगते. त्यासाठी मेंदू कसा बनतो ते पाहावं लागेल.

भातशेती तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आधी एका छोट्या तुकड्यात रोप तयार करायचं, मग ते उपटून खाचरात लावायचं. रोप जिथे उगवतं तिथे पीक येत नाही. मेंदूचंही तसंच आहे. चेतापेशी, म्हणजे मेंदूच्या मुख्य पेशी, मेंदूच्या आतल्या बाजूला एका पातळ पट्ट्यात जन्मतात आणि तिथून प्रवास करत बाहेरच्या थरांत जाऊन बसतात. वाट दाखवायला दोरीसारख्या लांब पेशी असतात, त्यांना धरून त्या सरकतात. आधी जन्मलेल्या पेशी आतल्या थरात बसतात, नंतरच्या त्यांना ओलांडून वर जातात. मोठ्या माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि बाहेरच्या थरांतल्या बहुतेक जन्माआधीच तयार झालेल्या असतात. जागेवर बसल्यावर प्रत्येक पेशी तार लांबवते, दुसऱ्या पेशी शोधते, जोडण्या करते. अशा जोडण्यांची साखळी म्हणजे मेंदूतलं वायरिंग. चेहरा ओळखणं, आवाजाकडे वळणं, समोरच्याच्या नजरेमागे नजर नेणं, हे सगळं या वायरिंगवर चालतं.

आता वेळापत्रक बघा. ज्या नळीपासून मेंदू आणि मणका बनतो ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. तोवर कित्येक बायकांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. आणि ऑटिझम, ज्याला मराठीत स्वमग्नता म्हणतात, त्याच्याशी जोडलेली जनुकं कुठे आणि कधी काम करतात हे शोधलं तेव्हा २०१३ साली अमेरिकेतल्या दोन मोठ्या अभ्यासांत एकाच काळाकडे बोट गेलं: गर्भारपणाचा मधला काळ, मेंदूच्या बाहेरच्या आवरणातल्या पेशी थर लावत असताना आणि पहिल्या तारा ओढल्या जात असताना. २०१४ साली निधन पावलेल्या काही मुलांच्या मेंदूचे नमुने तपासले गेले. ऑटिझम असलेल्या ११ मुलांपैकी १० जणांच्या मेंदूत थर विस्कटलेले छोटे छोटे ठिपके सापडले. ऑटिझम नसलेल्या ११ पैकी एकातच. अभ्यास लहान आहे, त्यावरून सगळं सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पण असे थर लागतात ते जन्माआधीच. ग्रहणात भाजी चिरल्यानं ते विस्कटत नाहीत.

हे संशोधन फक्त परदेशात होतं असं समजू नका. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांची प्रयोगशाळा बरीच वर्षं याच प्रश्नावर काम करते आहे: मेंदूचं आवरण घडताना कुठली पेशी काय बनणार हे ठरतं कसं? या कामासाठी त्यांना २०१४ साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला. त्यांच्या गटानं उंदरांमध्ये फॉक्सजी१ नावाच्या जनुकाचा अभ्यास केला. मूळ पेशींनी चेतापेशी बनवणं कधी थांबवायचं आणि आधार देणाऱ्या पेशी बनवणं कधी सुरू करायचं, यावर हे जनुक लक्ष ठेवतं. माणसात या जनुकात बिघाड झाला तर होणाऱ्या आजारात ऑटिझमसारखी लक्षणंही दिसतात. रोप टाकायचं कधी बंद करायचं आणि बांध कधी घालायचा, हा हिशेब चुकला तर शेत कसं दिसेल? तसं.

मग जनुकांमध्ये हे बदल येतात कुठून? १९७७ साली लंडनच्या सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या पाहिल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता, वेगवेगळ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत एकाही जोडीत नाही. तोपर्यंत अमेरिकेत मानसोपचारवाले आईलाच दोषी धरत होते, तिला ‘फ्रिजसारखी थंड आई’ म्हणत होते. म्हणजे आपल्याकडच्या सासूचा आणि शिकागोच्या विद्वानाचा निष्कर्ष एकच, भाषा वेगळी. २०१९ मध्ये पाच देशांतल्या वीस लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास झाला आणि ऑटिझमच्या शक्यतेतला सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिक निघाला. शेकडो जनुकांचा थोडा थोडा हात असतो. काही बदल आईवडील दोघांकडून येतात, काही बाळात पहिल्यांदाच नव्यानं होतात. आइसलँडमधल्या २०१२ च्या अभ्यासानुसार वडिलांचं वय वर्षानं वाढलं की बाळात असे सुमारे दोन नवे बदल जास्त येतात. हे ऐकून आता बापाची चौकशी सुरू करू नका. पुरुषमंडळी मागच्या रांगेत जरा अस्वस्थ झालेली दिसताहेत म्हणून सांगितलं.

इथे आपल्या समाजात जपून बोललं जातं अशा एका गोष्टीला हात घालते. खालाच्या, मामूच्या, चाचाच्या मुलांशी लग्नं. हे फक्त मुसलमानांत होतं असं नाही. मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रात कितीतरी हिंदू जातींत आहे. एकाच आजोबाचा एखादा सुप्त दोष दोन्ही बाजूंनी आला तर तो बाळात उघड होतो. म्हणून अशा लग्नांत काही आनुवंशिक आजारांची शक्यता वाढते, हे मी लपवणार नाही. २००८ साली हार्वर्डच्या एका गटानं मध्यपूर्व, तुर्कस्तान आणि पाकिस्तानातली ऑटिझम असलेली कुटुंबं अभ्यासली. त्यांतल्या ८८ कुटुंबांत आईवडील नात्यातले होते. काही मुलांत जनुकांचे छोटे तुकडे गायब सापडले, आणि त्यांतली काही जनुकं अशी निघाली की मेंदूला अनुभव मिळाला, पेशी कामाला लागल्या, की ती चालू-बंद होतात. कित्येकदा जनुक शाबूत होतं, त्याचं बटण गेलं होतं.

यातून मी दोन गोष्टी घेते. पहिली, नात्यात लग्न ठरवण्याआधी, खास करून घरात आधीच एखादं मूल असं असेल तर, आनुवंशिक सल्ला घ्या. आणि हे लक्षात ठेवा की ऑटिझम असलेल्या बहुतेक मुलांचे आईवडील नात्यातले नसतात. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मेंदूच्या वायरिंगमध्ये अनुभवाचा हात असतो आणि तो जन्मानंतर बराच काळ चालू राहतो.

जन्मानंतर काय होतं? खाचरात रोप लावून झालं की काम संपत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या करतो आणि मग वापर नसलेल्या छाटत जातो. न्यूयॉर्कमध्ये २०१४ साली झालेल्या अभ्यासात दिसलं की सर्वसाधारण मुलांत बालपण संपेपर्यंत मेंदूच्या एका भागातल्या जोडण्या जवळपास निम्म्यानं कमी होतात, ऑटिझम असलेल्या मुलांत १६ टक्क्यांनीच. गर्दी कमी होत नाही, आवाजात आवाज मिसळत राहतो. लग्नाच्या मांडवात हे मूल कानावर हात ठेवून का ओरडतं, याचा एक धागा कदाचित इथे आहे.

आणखी एक निरीक्षण. ज्यांना पुढे ऑटिझम असल्याचं कळलं अशी बाळं दोन महिन्यांची असताना माणसाच्या डोळ्यांकडे इतर बाळांइतकीच बघत होती. दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ते बघणं हळूहळू कमी होत गेलं. हे २०१३ साली अटलांटामध्ये यंत्रानं नजर मोजून दाखवलं गेलं. आता चाक फिरतं बघा: बाळ डोळ्यांकडे कमी बघतं, म्हणून चेहऱ्यांचा अनुभव कमी मिळतो, म्हणून ते वायरिंग कमी पक्कं होतं, म्हणून आणखी कमी बघतं. सुरुवात कुणाच्या हातात नव्हती. पण या फिरत्या चाकात हात घालता येतो, आणि जितक्या लवकर घालाल तितका उपयोग जास्त. त्या दीड वर्षाच्या तावीजांबद्दल मला वाईट वाटतं ते यासाठी. तावीजानं मुलाचं नुकसान केलं नाही. वेळ गेला.

आता लसीबद्दल, कारण अजून मला हा प्रश्न विचारला जातो. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं १२ मुलांवरून गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीवर संशय घेतला. त्यात लबाडी होती हे सिद्ध झालं, २०१० मध्ये तो लेख मागे घेतला गेला आणि त्याचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या ६,५७,४६१ मुलांचा अभ्यास झाला. लस घेतलेल्या मुलांत ऑटिझम जास्त नव्हता. उलट गंमत अशी की गरोदरपणात आईला रुबेला झाला तर बाळाला ऑटिझम होण्याचा धोका वाढतो. स्टेला चेस यांनी १९७१ मध्ये पोटात असताना रुबेला झालेल्या २४३ मुलांची माहिती दिली, त्यांतल्या १० मुलांत ऑटिझमची पूर्ण लक्षणं होती, सर्वसाधारण प्रमाणापेक्षा कितीतरी पट. म्हणजे ज्या लसीवर आरोप होतो तीच लस ऑटिझमचं एक माहीत असलेलं कारण टाळते. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली तेव्हा ‘यानं मुलं वांझ होतील’ अशा अफवा आपल्याच मोबाईलवरून फिरल्या. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली आणि मुलं गेली. त्या वस्त्या कुणाच्या होत्या ते तुम्हाला माहीत आहे.

मग आईनं गरोदरपणात काहीच करायचं नाही का? करायचं की. दिवस जाण्याच्या आधीपासून फोलिक ॲसिड, मणक्याचे जन्मदोष टाळण्यासाठी. मुलींना रुबेलाची लस लग्नाच्या कितीतरी आधी. फिट्सचं औषध चालू असेल, खास करून व्हॅल्प्रोएट, तर गर्भधारणेआधी डॉक्टरांशी बोलणं. ते औषध मनानं बंद मात्र करू नका, फिट जिवावर बेतते. एवढं. बाकी कुराणपठण, भजन, वीणावादन, जे मनाला शांत करतं ते ऐका. पण ते राहून गेलं म्हणून मूल असं झालं, असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका.

आता भाषेबद्दल. आपल्या घरात दखनी बोलतात, गल्लीत मराठी, शाळा उर्दू नाहीतर इंग्रजी. मूल बोलत नाही म्हटलं की सल्ला मिळतो: घरी एकच भाषा बोला, शक्यतो इंग्रजी. मी अशा आया पाहिल्या आहेत ज्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून त्या मुलाशी बोलायच्याच थांबल्या. लोरी गेली, लाडानं दिलेली हाक गेली, रागावणं गेलं. त्या घरात मुलाला मिळणारं बोलणं निम्म्यावर आलं. ऑटिझम असलेल्या मुलांवरच्या आजवरच्या अभ्यासांत दोन भाषा ऐकल्यानं त्यांचं बोलणं मागे पडतं असं दिसलेलं नाही. ज्या भाषेत तुम्ही न अडखळता लाड करू शकता त्या भाषेत बोला. दखनीत बोला, बिनधास्त.

मोबाईलनं ऑटिझम होत नाही. पण दोन वर्षांचं मूल चार तास मोबाईल बघत असेल तर चार तास त्याच्याशी कुणी बोललेलं नसतं, हा हिशेब तुम्हीच करा.

उपचाराचं एक उदाहरण सांगते, ते मला फार आवडतं. गोव्यातली ‘संगथ’ ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीचा एक गट, यांनी मिळून ब्रिटनमधली एक पद्धत आपल्या घरांसाठी बदलून घेतली. २ ते ९ वर्षांची ६५ मुलं. घरी जाणारे कुणी तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. सहा महिन्यांत सुमारे १२ भेटी. आईचा आणि मुलाचा खेळतानाचा व्हिडिओ काढायचा आणि आईबरोबर बसून बघायचा: इथे त्यानं तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही लगेच बोललात, बघा, तो थांबला. इथे तुम्ही पटापट प्रश्न विचारलेत, तो फिरून गेला. आईनं मुलाच्या मागे जायला शिकायचं, त्याला ओढायचं नाही. निकाल २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त आला. आयांचं मुलाशी जुळवून घेणं बरंच वाढलं आणि मुलं आपणहून संवाद जास्त सुरू करू लागली. सगळी मोजमापं सुधारली नाहीत, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. पण पणजीच्या आईला आणि रावळपिंडीच्या आईला एकच गोष्ट शिकवली गेली आणि दोघींना ती जमली. ज्या दोन देशांना एकमेकांशी धड बोलता येत नाही, त्यांनी मुलांना बोलतं करण्यासाठी एकत्र काम केलं.

ही मुलं किती आहेत? २०१८ मध्ये भारतातल्या पाच ठिकाणचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता. फिट्स, बहिरेपण, मतिमंदत्व, ऑटिझम असे मेंदूच्या वाढीशी संबंधित प्रश्न ६ ते ९ वयाच्या १३.६ टक्के मुलांत सापडले. म्हणजे साधारण सात मुलांत एक. ती वर्गात आहेत, गल्लीत आहेत, काही घरात लपवलेली आहेत.

अंगणवाडीच्या ताईंसाठी थोडक्यात. वर्षाचं बाळ नावाला वळत नाही, बोट दाखवत नाही, बडबडत नाही. सोळा महिन्यांना एक शब्द नाही. दोन वर्षांना आपणहून जोडलेले दोन शब्द नाहीत. आणि कुठल्याही वयात आलेलं बोलणं गेलं. यातलं काहीही दिसलं तर ‘थांबून बघू’ म्हणू नका. आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यांना दाखवा. पुढची तपासणी जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या केंद्रात होते. मुलींकडे जास्त लक्ष द्या. गप्प बसणाऱ्या मुलीला आपण ‘शरीफ’ म्हणतो आणि तिचं निदान राहून जातं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ अपंगत्वांची नोंद आहे त्यांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचा खर्चही येतो. ‘कार्ड काढलं तर बहिणीचं लग्न जमणार नाही’ असं मला सांगितलं जातं. कार्ड कपाटात असतं, कुणी गळ्यात घालून फिरत नाही.

चिठ्ठ्या आल्या आहेत, वेळ संपत आली म्हणून एकच घेते. लिहिलं आहे: ‘मोठ्याला ऑटिझम आहे. धाकटा आठ महिन्यांचा आहे. काय पाहू?’

ताई, धाकट्या भावंडात शक्यता साधारण पाचात एक आहे. म्हणजे पाचातल्या चौघांना ऑटिझम नसतो. आज घरी गेल्यावर त्याला मांडीवर समोर तोंड करून बसवा. तुम्ही हसलात तर हसतो का, तुम्ही जीभ बाहेर काढलीत तर टक लावून बघतो का, मागून हळू हाक मारली तर मान वळवतो का, एवढं बघा. दर महिन्याला एकदा पाच मिनिटांचा व्हिडिओ काढून तारीख लिहून ठेवा, आणि नऊ महिन्यांच्या लसीला याल तेव्हा तो मोबाईल बरोबर आणा.

आणि येताना बाळाच्या अब्बांनाही आणा.